गोठा, कांदाचाळ आणि सिमेंटचा पत्रा : अॅस्बेस्टॉसचे फायदे, धोके आणि शेतावर घ्यायची काळजी

नाशिक शहरातून गंगापूर रोडने गिरणारेकडे जाताना गेल्या पंधरा-वीस वर्षांत झालेला बदल सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जिथे द्राक्षबागा, मळे आणि गोठे होते तिथे इमारती, बंगले आणि लॉन्स उभी राहिली. मळा विकला की आधी विहिरीवरची मोटर निघते आणि मग गोठ्याचे, शेडचे पत्रे उतरतात. हे राखाडी पन्हळी पत्रे टेम्पोत भरून पुढे जातात, ते बहुतेक दुसऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या गोठ्यावर किंवा कांदाचाळीवर चढण्यासाठीच. "साहेब, जुने सिमेंट पत्रे स्वस्तात मिळतायत, घेऊ का?" हा प्रश्न मला अनेकदा आला आहे. पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे : घ्या, फक्त तडा गेलेला नाही ना ते बघा. आज मी घेऊ नका असे सांगतो. असे का, ते या लेखात पाहू.

आधी एक कबुली. कांदाचाळीच्या छपराला लोखंडी पत्रा नको, सिमेंटचा पत्रा किंवा कौले वापरा, हा सल्ला कृषी विस्तारातील आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षे दिला. कांद्याच्या दृष्टीने तो बरोबरच होता. पण तो पत्रा कापायचा कसा, फुटला तर तुकड्यांचे काय करायचे, कापणाऱ्या माणसाच्या छातीत काय जाते, हे त्या सल्ल्यात कुठेच नव्हते.

हा पत्रा म्हणजे नेमके काय?

अॅस्बेस्टॉस हे जमिनीतून निघणारे खनिज आहे. दगडासारखे दिसते, पण चोळले की कापसासारखे सुटे तंतू होतात. ते जळत नाही, कुजत नाही, आम्ल-अल्कलीने सहसा बिघडत नाही आणि ताणाला भक्कम असते. ऑस्ट्रियातील लुडविग हॅत्शेक याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे तंतू सिमेंटमध्ये मिसळून पातळ, मजबूत पत्रा बनवण्याची पद्धत काढली आणि ती जगभर पसरली. आपल्याकडे १९३४ साली अॅस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड या नावाने सुरू झालेली कंपनी आज एव्हरेस्ट इंडस्ट्रीज म्हणून ओळखली जाते. तिचा जुना कारखाना मुंबईत मुलुंडला होता, आणि आपल्याच जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातील लखमापूर येथेही तिचा कारखाना आहे. म्हणजे हा विषय नाशिककरांना परका नाही.

पत्र्यात अॅस्बेस्टॉसचे प्रमाण साधारण ८ ते १० टक्के असते. बाकी सिमेंट, राख वगैरे. वापरतात तो प्रकार क्रायसोटाइल, म्हणजे पांढरा अॅस्बेस्टॉस. भारतात त्याचे खाणकाम आता जवळपास बंद आहे, मात्र पत्र्यासाठी लागणारा तंतू रशिया, ब्राझील, कझाकस्तान अशा देशांतून आयात होतो. युरोपीय संघात २००५ पासून, ऑस्ट्रेलियात २००३ अखेरपासून त्याचा वापर बंद आहे. अमेरिकेने क्रायसोटाइलवर बंदीचा निर्णय २०२४ मध्ये घेतला. आपल्याकडे पत्रा बनवणे आणि विकणे कायदेशीर आहे. त्यामुळे तो बसवला म्हणून तुम्ही काही गुन्हा केलेला नाही.

शेतकऱ्याने तो का पसंत केला

फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. साधा गॅल्वनाइज्ड पत्रा उन्हाने तापतो आणि ती उष्णता थेट खाली फेकतो. सिमेंट पत्रा ६ मिलिमीटर जाड असतो आणि त्यातून उष्णता सावकाश उतरते. रब्बीचा कांदा एप्रिलपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत चाळीत ठेवायचा असेल तर मे महिन्यात छप्पर किती तापते यावर घट अवलंबून असते. पावसाळ्यात लोखंडी पत्र्याच्या आतल्या बाजूला पहाटे दव धरते आणि थेंब कांद्यावर पडून सड लागते. सिमेंट पत्रा थोडा ओलावा स्वतःत शोषतो, म्हणून ठिबक कमी होते.

गोठ्यात आणि कुक्कुटपालन शेडमध्ये वेगळे कारण. शेण, मूत्र आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया लोखंडी पत्रा खातो, काही वर्षांत खिळ्याभोवती भोके पडतात. सिमेंट पत्र्याला गंजायचे कारणच नसते. नीट बसवला तर तीस वर्षे सहज टिकतो. वाऱ्यात लोखंडी पत्र्यासारखा फडफडत उडत नाही, पावसात कोंबड्या बुजतील असा आवाज करत नाही, आणि भावही आवाक्यातला.

त्याचे दोन दोष मात्र विक्रेता सांगत नाही. एक, तो ठिसूळ आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको, गारेने लोखंडी पत्र्याला खळगे पडतात, सिमेंट पत्रा फुटतो. दोन, तो माणसाचे वजन पेलत नाही. वरून भक्कम दिसतो, दोन हुकांच्या मध्ये पाय पडला की माणूस सरळ खाली. दहा फुटी पत्र्याचे स्वतःचे वजनच ४० किलोच्या आसपास असते, म्हणजे पडणाऱ्याच्या अंगावर तोही येतो. छपरावर चढायची वेळ आलीच तर दोन-तीन पर्लिनवर टेकेल अशी लांब फळी किंवा शिडी आडवी टाकूनच चढा. कॅन्सर व्हायला तीस वर्षे लागतात, पाठीचा कणा मोडायला क्षणभर पुरतो.

धोका नेमका कुठे आहे?

अखंड, न फुटलेल्या पत्र्याखाली बसल्याने लगेच काही होत नाही, कारण तंतू सिमेंटमध्ये घट्ट अडकलेले असतात. पत्रा कापला, घासला, फोडला, दळला गेला की ते सुटतात. हे तंतू केसापेक्षा कितीतरी बारीक, ३ मायक्रॉनहूनही कमी जाडीचे असू शकतात. डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला झोंबत नाहीत, वास येत नाही. फवारणीचे औषध निदान वासाने सावध करते, हे तसे करत नाही. श्वासाबरोबर ते फुप्फुसाच्या अगदी टोकापर्यंत जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत.

त्यातून मुख्यतः तीन आजार होतात. अॅस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुस हळूहळू कडक होते आणि दम लागू लागतो. त्यावर बरे करणारे औषध नाही. दुसरा फुप्फुसाचा कर्करोग. तिसरा मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. हे आजार संपर्कानंतर दहा ते चाळीस वर्षांनी, मेसोथेलिओमा कधी त्याहूनही उशिरा दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था पांढऱ्यासह सर्व प्रकारच्या अॅस्बेस्टॉसला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतो हे सिद्ध झालेल्या गटात धरते. "पांढरा आहे, धोका नाही" हे विक्रेत्याचे बोलणे म्हणूनच ऐकू नका. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्ही कारणांनी मिळून अनेक पटींनी वाढतो.

आपल्याकडे पुरावा नाही असेही नाही. मुंबईतील एका अॅस्बेस्टॉस गिरणीच्या १८१ कामगारांची तपासणी करून २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास चौथ्या हिश्श्याच्या कामगारांना अॅस्बेस्टॉसिस आढळला. ते गिरणीत वर्षानुवर्षे काम केलेले लोक होते, तुमच्या-माझ्यासारखा अधूनमधून पत्रा हाताळणारा माणूस त्यांच्या बरोबरीने धोक्यात नाही. धोका मात्रेवर असतो : किती धूळ, किती वेळा, किती वर्षे. आयुष्यात एकदा पत्रा कापला म्हणून झोप उडवून घेऊ नका. पण शून्य धोक्याची अशी कोणतीही मात्रा ठरवता आलेली नाही, आणि रोज पत्रा कापणारा गावचा फॅब्रिकेटर, त्याचा मदतनीस, पत्रे उतरवायची कामे घेणारे मजूर यांची मात्रा काही थोडी नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अॅस्बेस्टॉस कारखान्यांबाबत दिलेल्या निकालात प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे उशिरा संपेल तोवर ठेवण्यास सांगितले. शेतावर हजेरीने आलेल्या मजुराची अशी नोंद कोण ठेवतो? चाळीस वर्षांनी त्याला दम लागला तर तो कोणत्या शेडवर काम करत होता हे कोणालाच आठवणार नाही.

शेतावर धूळ कधी उडते

गिरणारे परिसरातील एका मळ्यावर काही वर्षांपूर्वी मी टोमॅटोचा प्लॉट बघायला गेलो होतो. शेजारी शेडचे काम चालू होते. वेल्डरने ग्राइंडरला चकती लावून सिमेंट पत्रा कापायला घेतला. दोन बाया पत्र्याची दोन टोके धरून बसल्या होत्या, तोंडाला पदर. पांढरा धुरळा त्यांच्या केसांवर, कपड्यांवर आणि बाजूला भाकरी बांधून ठेवलेल्या फडक्यावर बसत होता. काम झाल्यावर त्यांनीच ती जागा खराट्याने झाडली. मी करप्यावर सल्ला दिला आणि निघून आलो. त्या दिवशी मी ग्राइंडर बंद करायला लावायला हवा होता.

ग्राइंडर हाच शेतावरचा सर्वांत मोठा शत्रू. जोरात फिरणारी चकती पत्र्याचे पीठ करते आणि ते हवेत तासन्‌तास तरंगते. पदर, रुमाल, साधा कापडी मास्क याने हे तंतू अडत नाहीत. कपड्यांवर बसलेली धूळ घरी जाते. कामगारांचे कपडे धुणाऱ्या त्यांच्या बायकांना मेसोथेलिओमा झाल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत.

दुसरी जागा आपण धोक्याची मानतच नाही, ती म्हणजे शिवारातला रस्ता. फुटके पत्रे फेकायचे कुठे, म्हणून ते पावसाळ्यात चिखलाच्या गाडीवाटेवर टाकले जातात. चिखल दबतो, ट्रॅक्टर जातो, सगळे खूश. उन्हाळ्यात त्याच वाटेवर तेच तुकडे चाकाखाली दळून पीठ होतात आणि प्रत्येक फेरीला उडतात. शाळेला जाणारी पोरे त्याच वाटेने चालतात. बांधाला टेकू, वाफ्याची कड, कोंबडीच्या खुराड्याचा आडोसा, चुलीभोवतीचा आडपडदा असे या तुकड्यांचे इतर उपयोगही बंद करावेत. चुलीजवळ तर मुळीच नको. हा पत्रा जळत नाही, पण आगीत तापला की तडतडून फुटतो आणि कपऱ्या उडतात.

तिसरी जागा साफसफाईची. जुन्या पत्र्यावर शेवाळ चढते, ते काढायला तारेचा ब्रश किंवा धुलाई पंपाचा जोरदार फवारा मारला की वरचा झिजलेला थर तंतूंसह निघतो. ऊन-पावसाने झिजलेल्या छपराचे तंतू पन्हाळीतल्या गाळातही उतरतात. पन्हाळी कोरडी झाडू नका, ओला गाळ खरवडून बंद पिशवीत भरा, आणि तो भाजीच्या वाफ्यात तर टाकूच नका.

बसवलेल्या पत्र्याला हात लावायचा का?

छप्पर चांगले असेल, तडे नसतील, खालून तंतू सुटलेले दिसत नसतील तर घाईने उतरवू नका. उतरवणे हेच सर्वांत जास्त धूळ उडवणारे काम आहे. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, खाली उभे राहून पाहणी करा. हुकाभोवती तडे, मोडलेल्या कडा, कडेला लोकरीसारखे तंतू दिसले तर तो पत्रा बदलायच्या यादीत घाला. किरकोळ तडा असेल तर ओला करून वरून सीलंट किंवा रंगाचा थर द्यावा, घासायचे नाही. उन्हाळ्यात छपराला चुन्याची सफेदी दिली तर चाळ आणि गोठा थंड राहतो, शिवाय पृष्ठभाग थोडा बांधला जातो. सफेदी कडेने शिडी लावून, लांब दांड्याच्या ब्रशने किंवा हलक्या फवाऱ्याने द्या. वर चालत जाऊन नको.

तुमचा पत्रा अॅस्बेस्टॉसचा आहे की नाही, हे नुसते पाहून सांगता येत नाही. विना-अॅस्बेस्टॉस फायबर सिमेंटचा पत्रा हुबेहूब तसाच दिसतो. पत्र्यावर छाप असेल तर आयएस ४५९ म्हणजे अॅस्बेस्टॉस सिमेंट. छाप पुसला असेल किंवा पत्रा जुना असेल तर अॅस्बेस्टॉसचाच आहे असे धरून चाला.

उतरवावाच लागला तर

काम पावसाळी हवेत किंवा वारा नसलेल्या सकाळी धरा. जनावरे, मुले, वैरण आणि भांडीकुंडी आधी दूर हलवा. एसटीपी पंपाच्या नळीने हलका फवारा मारून पत्रा दोन्ही बाजूंनी भिजवा. पाण्यात थोडा भांडी धुण्याचा साबण टाकला तर ते आत चांगले मुरते. फक्त फवारणीचा पंप आधी स्वच्छ धुऊन घ्या. जे हुकचे नट गंजलेले असतात, ते हातोडीने ठोकू नका. तेल सोडून पान्याने काढा, नाहीतर हुकच बोल्ट कटरने तोडा. पत्रा अखंड उतरवा, दोघांनी हातोहात खाली घ्या, वरून टाकू नका.

मास्क पी-३ दर्जाच्या फिल्टरचा किंवा एफएफपी-३ असावा. कोविडच्या काळात घेतलेला एन-९५ हातात असेल तर पदरापेक्षा बरा, पण धुळीच्या कामाला तो पुरेसा मानू नये. जुने पूर्ण बाहीचे कपडे घाला, काम संपताच ते ओले करून तिथेच काढा आणि घरच्या कपड्यांत मिसळू नका. मळ्यावरच आंघोळ करा. कामाच्या जागी विडी, तंबाखू, चहा, भाकरी काहीही नको. जमिनीवर पडलेले कपचे ओले करून वेचा, खराटा लावू नका.

नवा पत्रा कापण्याची गरज पडली तर हातकरवत आणि पाणी, एवढेच. शक्यतो शेडची लांबी-रुंदी पत्र्याच्या मापात बसवा म्हणजे कापायचीच वेळ येत नाही. भोक ठोकून पाडू नका, हाताच्या ड्रिलने आणि पन्हळीच्या उंचवट्यावर पाडा. दोन पर्लिनमध्ये १.४ मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. हे अंतर वाढवून पाइप वाचवणारे फॅब्रिकेटर पुढच्या वादळात तुमचे छप्पर फोडतात.

तुकड्यांचे काय करायचे?

हा सगळ्यांत अवघड भाग आहे, कारण गावपातळीवर असे तुकडे गोळा करणारी सोय आपल्याकडे नाही. राज्यात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची सामायिक विल्हेवाट केंद्रे आहेत, पण ती मुख्यतः कारखान्यांसाठी. एक-दोन टेम्पो माल असेल तर नाशिकमधील महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी विचारणा करा, शहराच्या हद्दीत असाल तर महापालिकेकडेही. तोवर पत्रे गुंडाळून ठेवणे आपल्या हातात आहे. मल्चिंग पेपर यासाठी फार पातळ, लगेच फाटतो. शेततळ्याच्या अस्तरीकरणातून उरलेला ५०० मायक्रॉनचा कागद मात्र उत्तम. ओले पत्रे त्यात दुहेरी गुंडाळा, टेपने बंद करा, वर रंगाने "अॅस्बेस्टॉस, फोडू नये" असे ठळक लिहा आणि विहीर, नाला, गोठा यांपासून दूर, गाडी जाणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. गारपिटीत छप्पर फुटले असेल तर पंचनाम्यासाठी आधी फोटो काढा, तुकड्यांवर पाणी मारून ताडपत्री टाका आणि मग तलाठ्याची वाट पाहा.

भंगारवाल्याला देणे किंवा गरजू नातेवाईकाला फुकट देणे म्हणजे विल्हेवाट नव्हे. गंगापूर रोडवरून निघालेला टेम्पो हेच करतो. वीस-तीस वर्षे झिजलेला पत्रा पुन्हा उतरतो, पुन्हा कापला जातो, पुन्हा भोके पडतात, आणि ते ज्याच्या दारात होते त्याच्याकडे नवा पत्रा घेण्याइतके पैसे नसतात.

नवीन शेडसाठी पर्याय

कांदाचाळीला मंगलोरी कौले अजूनही उत्तम. लाकूड-लोखंडाचा सांगाडा थोडा जड लागतो. विना-अॅस्बेस्टॉस फायबर सिमेंटचे पत्रे आयएस १४८७१ या मानकाचे मिळतात, उष्णतेच्या बाबतीत जुन्या पत्र्याइतकेच चांगले, किमतीला महाग. ते कापतानाही सिमेंट आणि सिलिकाची धूळ उडते, तेव्हा पाणी आणि मास्क तिथेही हवेतच. रंगीत जस्त-अॅल्युमिनियम लेपाचा पत्रा घेतला तर फिका रंग निवडा, छप्पर उंच ठेवा, आढ्याला हवा जायला जागा सोडा, आणि वर उसाचे पाचट किंवा खाली बांबूची चटई, शेडनेटचा आडपडदा बांधा. पाचटाला आगीची भीती असते, विजेची तार जवळून नेऊ नका. गोठ्यासाठी पन्हळी यूपीव्हीसी पत्रे अमोनियाला टिकतात. अनुदानाच्या चाळीला आराखड्यात दिलेले साहित्यच लागते, म्हणून पर्यायी छप्पर बसवण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून लेखी मान्यता घ्या, नंतर वाद नको.

शेतकरी नेहमी विचारतात

पिकात उतरते का? अॅस्बेस्टॉसचा तंतू खताप्रमाणे मुळातून शोषला जात नाही. पालेभाजीवर बाहेरून धूळ बसू शकते, ती धुऊन जाते. पाण्याचे काय? जुन्या उपसा योजनांत आणि गावच्या नळयोजनांत अॅस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप आहेत. श्वासातून होणारा अपाय सिद्ध आहे, पिण्याच्या पाण्यातून होणाऱ्या अपायाचा पुरावा मात्र मर्यादा ठरवण्याइतका सापडलेला नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. पाइप दुरुस्त करताना ग्राइंडरने कापणे हाच तिथेही मुख्य धोका. जुन्या सिमेंट छपराचे पावसाचे पाणी प्यायला साठवू नका. बागेला सोडायला हरकत नाही.

ज्यांनी अनेक वर्षे पत्रे कापण्याचे, उतरवण्याचे काम केले आहे आणि आता चढण चढताना दम लागतो, कोरडा खोकला जात नाही, त्यांनी छातीरोग तज्ज्ञाकडे जाऊन छातीचा एक्स-रे आणि फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी करून घ्यावी. डॉक्टरांनी विचारले नाही तरी "मी सिमेंटचे पत्रे कापायचो" हे सांगावे, किती वर्षे तेही. नाहीतर खोकला म्हणजे क्षयरोग किंवा दमा असे धरून औषधे चालू राहण्याची शक्यता असते.

कृषी सहाय्यक आणि विस्तार कार्यकर्त्यांना एक विनंती. चाळीच्या आखणीला शेतावर जाल तेव्हा फॅब्रिकेटरलाही बोलावून घ्या. मापे पत्र्याच्या लांबीत बसवायची, ग्राइंडर लावायचा नाही, हे त्याच्यासमोर ठरवा. शेतकरी आयुष्यात एक-दोन चाळी बांधतो, तो माणूस महिन्याला दोन बांधतो.